वायरलेस प्रिंटर घेताय? खोक्यावरची किंमत विसरा!

चार खुर्च्या, तीन लॅपटॉप आणि एक वाय-फाय... झालं ऑफिस तयार! पण कोपऱ्यातल्या त्या टेबलावर ठेवायचा प्रिंटर निवडताना मात्र भलेभले गडबडतात.

पेपरलेस ऑफिसच्या गप्पा आपण शाळेत असल्यापासून ऐकतोय. बिल ई-मेलवर, पेमेंट यूपीआयवर, सही डिजिटल... आणि तरीही लोनची फाइल घेऊन बँकेत गेलं की काउंटरपलीकडून थंड आवाज येतो, 'दोन सेट झेरॉक्स, प्रत्येक पानावर सही.' म्हणजे बॉस, कागद काही सुटलेला नाही. सुटली आहे ती फक्त प्रिंटरची वायर!

माझी एक मैत्रीण सीए आहे. ठाण्याला नौपाड्यात तिचं छोटंसं ऑफिस आहे. ती, दोन आर्टिकल्स आणि एक अकाउंटंट, एवढाच कारभार. जुना इंकजेट तीन आठवडे नुसता पडून राहायचा आणि नेमका गरजेच्या दिवशी संप पुकारायचा. मग प्रिंट्स खालच्या झेरॉक्सवाल्याकडून. पैशांचं तिला फारसं काही वाटत नव्हतं, खुपत होतं ते वेगळंच. क्लायंटचं पॅन, आधार, फॉर्म १६, बँक स्टेटमेंट... सगळं त्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर डाउनलोड व्हायचं आणि तिथंच राहायचं. एकदा आर्टिकल खाली गेला, दुकानदारानं डाउनलोडचा फोल्डर उघडला, तर मागच्या आठवड्यातल्या क्लायंटची सॅलरी स्लिप ढळढळीत समोर! 'उद्या त्या माणसाला हे कळलं तर तो मला फाइल देईल का?' हा तिचा प्रश्न होता. त्याच आठवड्यात बजेट ठरलं, २५ हजार. जुलैची रिटर्न्सची गर्दी तोंडावर होती. आणि 'तू गॅजेट्सवर लिहितेस ना, मग चल' म्हणत तिनं मला थेट लॅमिंग्टन रोडला नेलं.

पानं किती, मॅडम?

लॅमिंग्टन रोडचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण ग्रँट रोड स्टेशनातून बाहेर पडून हे नाव कुणाला विचारून बघा, नुसते चेहरे दिसतील. कॉम्प्युटरच्या सामानासाठी निम्मी मुंबई अजूनही इथंच येते. पहिल्याच दुकानात आम्ही 'वाय-फाय लेझर दाखवा' म्हटलं, तर काउंटरवरच्या काकांनी उलट प्रश्न टाकला, 'महिन्याला पानं किती?' मैत्रिणीकडं उत्तर तयार होतं. झेरॉक्सवाल्याच्या हिशेबाची वही तिनं आदल्या रात्रीच बघून ठेवली होती (सीएच ती!). सरासरी दिवसाला २५ पानं. महिन्याचे २५ दिवस धरले तर ६२५. वर्षाची ७,५००.

आता गंमत बघा. समजा एका प्रिंटरचं कार्ट्रिज ४,००० रुपयांचं आहे आणि ते १,५०० पानं देतं. दुसऱ्याचं ४,५०० रुपयांचं, पण ३,००० पानं देणारं. पहिल्यावर वर्षाला पाच कार्ट्रिज, म्हणजे २०,००० रुपये. दुसऱ्यावर अडीच, म्हणजे ११,२५०. वर्षाला ८,७५० रुपयांचा फरक आणि तीन वर्षांत २६,२५० रुपयांचा! दुसरा प्रिंटर घेताना पाच हजारांनी महाग पडला, तरी तीन वर्षांत २१ हजारांहून जास्त वाचतात. आपण मात्र दुकानात उभे राहून खोक्यावरच्या दोन हजारांसाठी घासाघीस करत बसतो.

पानांच्या या आकड्यातही एक मेख आहे. ब्लॅक अँड व्हाइट कार्ट्रिज किती पानं देतं, हे आयएसओ-आयईसी १९७५२ या स्टँडर्डप्रमाणे मोजतात. त्यातलं पान असतं अगदी सडपातळ, कागदाचा जेमतेम ५ टक्के भाग काळा होईल एवढंच. तुमच्या पानावर मोठा लोगो, जाड रेघांची टेबलं आणि काळ्या पट्टीतलं हेडिंग असेल, तर टोनर आधीच संपणार. शिवाय नव्या प्रिंटरसोबत येतं ते बरेचदा 'स्टार्टर' कार्ट्रिज, म्हणजे अर्धपोटी. ७०० पानांचं स्टार्टर या ऑफिसला महिना-सव्वा महिना पुरेल. तेव्हा दुकानदाराला तीन गोष्टी तोंडावर विचारा : खोक्यातलं कार्ट्रिज किती पानांचं, नवं केवढ्याला, आणि ड्रम वेगळा आहे का? काही कंपन्यांच्या प्रिंटरमध्ये ड्रम कार्ट्रिजमध्येच असतो, काहींमध्ये वेगळा. वेगळा असला तर टोनर स्वस्त पडतो, पण काही हजार पानांनंतर ड्रमचा खर्च अचानक समोर उभा राहतो.

लेझरच का?

इंक टँक प्रिंटर घ्या की, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पानामागचा खर्च त्यात खूप कमी, वर रंगीतही मिळतं. रोज थोडी थोडी प्रिंट निघत असेल तर तो मस्तच. पण सीए, वकील, ब्रोकर यांचं काम लाटेसारखं येतं. पंधरा दिवस सामसूम आणि मग एका दुपारी ४०० पानं! शाई वाळते, नोझल तुंबतात. लेझरमध्ये वाळायला काही नसतंच, कारण टोनर म्हणजे प्लास्टिकची बारीक पूड. कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचा खेळ आठवतोय? तोच फंडा. ड्रमवर विजेचा भार असतो, लेझरचा किरण त्यावर अक्षरं आखतो, तिथं पूड चिकटते, ती कागदावर उतरते आणि साधारण २०० अंश सेल्सिअस तापलेला फ्यूजर ती वितळवून पक्की करतो. म्हणून पान बाहेर येतं ते गरमागरम. वर पाण्याचा थेंब पडला तरी अक्षर पसरत नाही.

गॅरी स्टार्कवेदर या इंजिनियरनं झेरॉक्स कंपनीत लेझर प्रिंटर जन्माला घातला, १९७१ च्या सुमारास. टेबलावर मावेल असा एचपीचा पहिला लेझरजेट आला १९८४ मध्ये. किंमत ३,४९५ डॉलर आणि स्पीड मिनिटाला आठ पानं! आता २० हजारांच्या आसपासचा प्रिंटरही याच्या दुप्पट-तिप्पट पळतो. म्हणून माझं स्पष्ट मत, स्पीडच्या आकड्यावर फार भाळू नका. दोन पानांचं पत्र काढताना महत्त्व असतं झोपलेला प्रिंटर जागा होऊन पहिलं पान किती सेकंदात देतो याला. दुकानात डेमो मागताना आपली पीडीएफ पेन ड्राइव्हवर न्या आणि घड्याळ लावा.

वाय-फायचे नखरे

खरी मजा पुढंच आहे. प्रिंटर ऑफिसात आला, वाय-फायला जोडला, पहिली प्रिंट निघाली, टाळ्या! दोन दिवसांनी सकाळी सगळ्यांच्या स्क्रीनवर : 'प्रिंटर ऑफलाइन'. प्रिंटर समोर चालू, हिरवा दिवा लागलेला, आणि कॉम्प्युटर म्हणतोय तो नाहीच!

कारण साधं असतं. राउटर प्रत्येक उपकरणाला एक आयपी अ‍ॅड्रेस देतो, पण तो कायमचा नसतो. रात्री राउटर बंद झाला, सकाळी प्रिंटरला नवा नंबर मिळाला आणि लॅपटॉप बसलाय जुन्या पत्त्यावर हाका मारत. उपाय म्हणजे राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रिंटरचा अ‍ॅड्रेस कायमचा राखून ठेवायचा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. प्रिंटर बसवायला येणाऱ्या माणसाकडून ते करून घ्या आणि तो नंबर कागदाच्या चिठ्ठीवर लिहून प्रिंटरलाच चिकटवा.

दुसरी अडचण दोन बँडची. बहुतेक राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ अशा दोन बँडवर चालतात. स्वस्तातले पुष्कळ प्रिंटर फक्त २.४ ओळखतात. सेटअप करताना फोन ५ वर आणि प्रिंटर २.४ वर असला, तर काही वेळा दोघांची भेटच होत नाही. लॅमिंग्टन रोडवरच एका दुकानात आम्ही 'यात ५ गिगाहर्ट्‌झ आहे का?' विचारलं, तर सेल्समन म्हणाला, 'मॅडम, वाय-फाय म्हणजे वाय-फाय!' आम्ही पुढच्या दुकानात गेलो. जुना प्रिंटर असेल तर आणखी एक गोष्ट बघा. नव्या राउटरवर फक्त डब्ल्यूपीए ३ सुरक्षा चालू असेल तर तो जोडलाच जात नाही, मिश्र मोड ठेवावा लागतो.

आलेल्या क्लायंटला तुम्ही गेस्ट वाय-फाय देता ना? उत्तम. गेस्ट नेटवर्कवरून सहसा प्रिंटर दिसत नाही आणि दिसूही नये. प्रिंटरचा कंपनीनं दिलेला अ‍ॅडमिन पासवर्डही पहिल्याच दिवशी बदला. जी सॅलरी स्लिप झेरॉक्सच्या दुकानातून वाचवली, ती स्वतःच्याच ऑफिसात उघडी पडायला नको! माझ्या ओळखीच्या एका ऑफिसात इन्क्रिमेंटची पत्रं सगळ्यांच्या प्रिंटरवर निघाली होती आणि एचआरवाली तिथं पोहोचेपर्यंत आख्ख्या मजल्यानं ती वाचली होती. त्यानंतरचा आठवडा म्हणे फारच 'लाइव्हली' होता. पिन टाकल्यावरच पान सोडण्याची सोय काही मॉडेल्समध्ये असते. चार-पाच जणांच्या ऑफिसला ती मुद्दाम मागावी अशीच आहे.

मोबाइलवरून प्रिंट हवी असेल तर कंपनीच्या अ‍ॅपवर विसंबू नका. खोक्यावर एअरप्रिंट आणि मोप्रिया ही दोन नावं शोधा. पहिलं आयफोनसाठी २०१० पासून आहे, दुसरं अँड्रॉइडवाल्यांसाठी. एखाद्या सेवेच्या भरवशावर राहिलं की काय होतं, ते गुगल क्लाउड प्रिंटनं दाखवलंय. २०२० संपलं आणि ती सेवा बंदच झाली.

आणि हो, वायरलेस घेताय तरी मागं लॅन केबलचं भोक असलेलाच प्रिंटर घ्या. राउटर शेजारीच असेल तर सरळ केबल लावा. लॅपटॉप वाय-फायवर, प्रिंटर केबलवर... प्रिंट बिनवायरचीच निघते आणि नखरे निम्मे होतात.

हे असू द्या, ते राहू द्या

दोन्ही बाजूंना आपोआप छापणारं डुप्लेक्स मस्ट! कागद निम्मा लागतो. सुप्रीम कोर्टानंही एप्रिल २०२० पासून ए-फोर कागदाच्या दोन्ही बाजूंना छपाई स्वीकारली, मग आपलं काय अडतंय? स्कॅनर हवा, आणि वर पानांचा गठ्ठा ठेवला की एकेक आत ओढणारा फीडर हवा. तीस पानांचं बँक स्टेटमेंट काचेवर एकेक ठेवून स्कॅन केलंय कधी? मग तुम्हाला सांगायला नको. आयडी कॉपीचं बटणही बघा. आधार कार्डाच्या दोन्ही बाजू एकाच पानावर येतात. आपल्याकडं दिवसातून दहादा लागणारी गोष्ट.

रंगीत लेझर राहू द्या. चार कार्ट्रिज म्हणजे चौपट काळजी. महिन्यातून एकदा प्रेझेंटेशन रंगीत हवं असेल तर बाहेरून काढा, त्यात कुणाचं पॅन कार्ड नसतं.

रिफिलचं काय? लॅमिंग्टन रोडवर तो प्रश्न टाळताच येत नाही. वॉरंटी संपेपर्यंत कंपनीचं, नंतर खात्रीच्या माणसाकडून रिफिल, असं मी म्हणेन. फक्त काही प्रिंटर आपल्याच कंपनीची चिप असलेलं कार्ट्रिज मागतात आणि एखाद्या अपडेटनंतर बाहेरचं कार्ट्रिज नाकारतात. एकदा कार्ट्रिज विकलं की त्यावरचा कंपनीचा पेटंट हक्क संपतो, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये लेक्समार्कच्या खटल्यात सांगितलं. चिप मात्र कोर्टाचे निकाल वाचत नाही. म्हणून ती अट खोक्यावर बारीक अक्षरात आहे का, ते आधीच वाचा.

विजेबद्दल एक सक्त सूचना : लेझर प्रिंटर कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर लावू नका. फ्यूजर तापताना एकदम काहीशे वॉट खेचतो. यूपीएस किंचाळतो आणि लॅपटॉप सोडून बाकी ऑफिस अंधारात! सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावा.

सर्व्हिस 'ऑन-साइट' आहे ना, तेही बिलावर लिहून घ्या. नाहीतर दहा-बारा किलोचं खोकं उचलून सेंटर गाठायचं म्हणजे दादरचा ब्रिज चढताना प्रिंटर कशाला घेतला असं होतं.

मैत्रिणीनं शेवटी घेतला तो काळा-पांढरा, डुप्लेक्स, फीडर, वाय-फाय आणि लॅन असलेला, ३,००० पानांचं कार्ट्रिज चालणारा. बजेटच्या सहाशे रुपये वर गेला. पण जीएसटी नंबर टाकून बिल घेतलं आणि तिनं ते तिथल्या तिथं हिशेबात बसवलं.

लावायची जागा मात्र तिनं खिडकीजवळची निवडली होती. ती मी बदलायला लावली. मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात कागद हवेतला ओलावा पितो. मग फ्यूजरमध्ये त्याची वाफ होते, पान वळतं, अडकतं, अक्षर फिकट येतं आणि शिव्या प्रिंटरला बसतात. ५०० पानांचं रीम आलं की ट्रेमध्ये आठवड्यापुरताच कागद घाला, बाकीचा वेष्टनात गुंडाळून कपाटात ठेवा. संध्याकाळी ऑफिस बंद करताना ट्रेमध्ये उरलेली पानंही परत आत टाकली, तर जुलै-ऑगस्ट सुरळीत जातो.