बोट हिवाळ्यासाठी झाकताय? आधी पेट्रोलचं बघा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं त्यांच्यासाठी आजचा भाग लेखी. बोलले तसंच ठेवलंय, फक्त मधले ‘अं’ काढून टाकलेत.

मी राहते मिनेसोटात. अमेरिकेच्या उत्तर टोकाला, कॅनडाला चिकटून. इथे १० एकर किंवा त्याहून मोठी तळी मोजली तर ११,८४२ भरतात. उन्हाळ्यात अख्खं गाव पाण्यावर असतं आणि डिसेंबरपर्यंत त्याच तळ्यांवर बर्फ. बोट ऑक्टोबरमध्ये बाहेर काढायची, ती थेट एप्रिल-मेमध्ये परत पाण्यात. म्हणजे सहा-सात महिने इंजिन बंद. या काळात पेट्रोलचं काय होतं आणि आपण आधी काय करायचं, हा आजचा विषय.

तर झालं असं

ऑफिसातल्या दोन मैत्रिणी आणि मी, तिघींत मिळून एक सेकंडहँड १६ फुटी बोट घेतली. मागे ४० हॉर्सपॉवरचं जुनं कार्बोरेटरवालं आउटबोर्ड इंजिन, आत साधारण ७० लिटरची टाकी. पहिल्या हिवाळ्याआधी मी दुकानातून फ्युएल स्टॅबिलायझरची बाटली आणली, टाकीत ओतली, ताडपत्री बांधली आणि घरी आले. झालं काम!

मे महिन्यात आई-बाबा आले होते. त्यांना बोटीतून फिरवायला नेलं. इंजिन जरा कुरकुरत सुरू झालं, पण वेगात नीट चाललं. तळ्याच्या मध्यावर आईला फोटो हवा होता म्हणून वेग कमी केला, आणि इंजिन गप्प. परत सुरूच होईना. वारा सुटलेला. बर्फ वितळून जेमतेम महिना झालेला, म्हणजे पाण्यात पडलं तर काही मिनिटांत हातपाय काम करेनासे होतात. लाइफ जॅकेट तिघांनीही घातलं होतं आणि बोटीत वल्ही होती, म्हणून निभावलं. बाबांनी आणि मी आळीपाळीने वल्हवत पाऊण तासाने किनारा गाठला. आई तेवढा वेळ एक शब्द बोलली नाही.

मेकॅनिकने कार्बोरेटर उघडला. आत तपकिरी चिकट थर, आणि इंजिन हळू चालताना ज्या बारीक छिद्रातून पेट्रोल येतं तो जेट बंद. तो म्हणाला, टाकीतलं पेट्रोल ठणठणीत आहे. मग बिघडलं कुठलं? तर कार्बोरेटरमधलं. मी औषध टाकीत घातलं, पण इंजिन चालवलंच नाही. त्यामुळे पाइपात आणि कार्बोरेटरमध्ये जुनंच, बिनऔषधाचं पेट्रोल हिवाळाभर बसून राहिलं. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड दुरुस्त केला, पण डिप्लॉय करायला विसरले.

पेट्रोल नासतं म्हणजे नक्की काय होतं?

दोन वेगळ्या गोष्टी होतात.

पहिली, पेट्रोल हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू संयोग पावतं. त्यातले हलके घटक उडून जातात, उरलेल्याचा डिंकासारखा थर बसतो. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल वाटीभरच असतं आणि जेटचं छिद्र सुईच्या टोकाएवढं. म्हणून पहिला मार तिथे बसतो. स्टॅबिलायझर ही प्रक्रिया लांबवतो. पण नासलेलं पेट्रोल तो परत ताजं करत नाही, म्हणून तो ताज्या पेट्रोलमध्येच घालायचा.

दुसरी गोष्ट पाण्याची. इथल्या पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी धरून ठेवतं. असं पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी पोटात घेऊ शकतं. ७० लिटरला सुमारे ३५० मिली. थंडीत ही क्षमता आणखी कमी होते. म्हणजे सप्टेंबरमध्ये विरघळलेलं पाणी जानेवारीत बाहेर पडू शकतं. एकदा मर्यादा ओलांडली की पाणी इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं. आणि इंजिनाकडे जाणारी नळी नेमकी तळातूनच खेचते! वर उरतं ते कमी ऑक्टेनचं पेट्रोल. हे एकदा वेगळं झालं की कुठलंही औषध त्याला परत एकत्र करत नाही. टाकी उपसावीच लागते.

आता क्रमाने काय करायचं

१. शक्य असेल तर हंगामाची शेवटची टाकी बिनइथेनॉलच्या पेट्रोलने भरा. मिनेसोटात बोटींसाठी ते विकायला परवानगी आहे. जरा महाग पडतं.

२. आधी स्टॅबिलायझर, मग पेट्रोल, म्हणजे ते आपोआप ढवळलं जातं. माप बाटलीवर लिहिलेलं. अंदाजपंचे नाही.

३. बोटीत बसवलेली टाकी साधारण ९५ टक्के भरा. रिकामी जागा कमी, म्हणजे आत-बाहेर करणारी दमट हवा कमी. पण काठोकाठ नको, ऊन पडलं की पेट्रोल फुगतं. हवेची नळी कधीही बुजवू नका. उचलून नेता येणारी छोटी टाकी असेल तर सरळ रिकामी करा. त्यात ऑइल मिसळलेलं नसेल तर ते ताजं पेट्रोल कारमध्ये वापरता येतं.

४. पाणी वेगळं करणारा फिल्टर बदला. जुन्यातलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून थोडा वेळ ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकीत पाणी आहे, आधी ते निस्तरा.

५. आता माझी चुकलेली पायरी. इंजिन १०-१५ मिनिटं चालवा, म्हणजे औषधाचं पेट्रोल शेवटच्या जेटपर्यंत पोचेल. बोट जमिनीवर असेल तर इंजिनाच्या पाणी खेचणाऱ्या जाळ्यांवर रबरी कप बसवून बागेचा पाइप जोडा. दिसायला हेडफोन लावल्यासारखं. पाण्याशिवाय चालवलं तर पाण्याचा पंप जळतो. चालू असतानाच नव्या फिल्टरपाशी गळती नाही ना, तेही बघून घ्या.

६. कार्बोरेटर असेल तर शेवटी त्याच्या वाटीचा स्क्रू सैल करून उरलेलं पेट्रोल डब्यात काढून घ्या. फ्युएल इंजेक्शन असेल तर मात्र पेट्रोल संपेपर्यंत चालवू नका. त्याच्या पंपाला गारवा आणि वंगण पेट्रोलचंच मिळतं. शंका आली तर मॅन्युअल उघडा.

आणि हे सगळं उघड्यावर. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवलं तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस जातो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळात साठते. म्हणून जवळ सिगरेट नको, ठिणगी नको. तोंडाने पाइप ओढून पेट्रोल काढणं तर अजिबात नाही.

डिझेलवाल्यांसाठी

डिझेलमध्ये इथेनॉलची भानगड नाही, पण पाण्याची आहेच. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात आणि त्यांचा शेवाळासारखा गाळ फिल्टर बंद करतो. टाकी भरून ठेवा, सेपरेटरमधलं पाणी काढा, जंतुनाशक घाला. कडाक्याच्या थंडीत साध्या डिझेलमध्ये मेण धरतं, त्यामुळे हिवाळी डिझेल वापरा.

यंदा हे सगळं करताना बाबा व्हिडिओ कॉलवर होते. ते मूळचे हर्णैचे. आपल्याकडे १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंद होते, होड्या वर काढतात. ते म्हणाले, “अगं, काकांची होडी वर काढायच्या आधी आम्ही पहिलं डिझेलमधलं पाणीच बघायचो. तू मला विचारलंस का गेल्या वर्षी?” नव्हतं विचारलं.

महाराष्ट्रातून ऐकणाऱ्यांनो, बोट नसली तरी बाइक असेल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. गावची जुनी कार्बोरेटरवाली गाडी काही महिने उभी राहणार असेल तर पेट्रोल कॉक बंद करा आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. वाटी रिकामी होते, जेट वाचतो. दोन मिनिटांचं काम आहे.

मी आज सहाही पायऱ्या करून मगच ताडपत्री बांधली. मेमध्ये आई परत येणार आहे. बोटीत बसायला तयार होते का, ते तेव्हा सांगेनच. तोवर काळजी घ्या, भेटू पुढच्या भागात!