विषय पक्का नसताना विद्यापीठाची निवड
(बारावीनंतरच्या वाटा : लेखांक ९)

पदवीचा मुख्य विषय ठरलेला नसताना दोन विद्यापीठांतून एक निवडायचे असेल, तर नावलौकिकाच्या आधी एक गोष्ट पाहावी लागते. तिथे विषय केव्हा नक्की करावा लागतो आणि एकदा नक्की केलेला विषय पुढे बदलता येतो का? बहुतेक घरांत विचाराचा क्रम वेगळा असतो. आधी कॉलेजचे नाव, मग शहर, मग फी आणि शेवटी विषय, जो मिळेल तो. ज्याचा विषय पक्का आहे त्याला हा क्रम फारसा नडत नाही. ज्याचा पक्का नाही त्याला तो दोन-तीन वर्षे नडू शकतो.

‘अजून ठरलं नाही’ या एकाच उत्तराखाली निरनिराळ्या अवस्था लपलेल्या असतात. भौतिकशास्त्र की गणित, असा घोळ असलेला विद्यार्थी दोन शेजारच्या विषयांत अडकलेला असतो. त्याला थोडी सवड पुरते. इतिहास की जीवशास्त्र, अशी ओढाताण असेल तर दोन्ही विषय एका छताखाली आणि एकाच वेळापत्रकात बसतील अशी जागा लागते, आणि अशा जागा भारतात मोजक्याच आहेत. तिसरा विद्यार्थी असा, की अकरावी-बारावीत जे शिकवले त्यापलीकडचे त्याने काही पाहिलेलेच नाही. भाषाविज्ञान, मानववंशशास्त्र, संख्याशास्त्र ही नावे त्याच्या कानावरून गेलेली असतात, पण त्यांचा एकही तास त्याने ऐकलेला नसतो. (आणखी एक अवस्था म्हणजे विद्यार्थ्याचे ठरलेले असते, घरच्यांचे नसते. त्यावर विद्यापीठ बदलून इलाज होत नाही.)

दिल्ली विद्यापीठ आणि हरियाणातील सोनीपतचे अशोका विद्यापीठ ही जोडी या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. महाराष्ट्रातून उत्तरेकडे शिकायला जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींच्या यादीत ही दोन्ही नावे अनेकदा असतात. दोन्हीकडे मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रे जोरात आहेत, आणि विषयनिवडीबाबत दोघांची रीत अगदी विरुद्ध आहे.

दिल्ली विद्यापीठात २०२२पासून प्रवेश सीयूईटी या सामायिक परीक्षेच्या गुणांवर होतात. निकालानंतर विद्यार्थ्याने पसंतिक्रम भरायचा असतो, आणि त्या यादीतली प्रत्येक ओळ ‘अभ्यासक्रम अधिक कॉलेज’ अशी जोडी असते. म्हणजे इतिहास ऑनर्स हिंदू कॉलेजात ही एक ओळ आणि तत्त्वज्ञान ऑनर्स हिंदू कॉलेजात ही दुसरी. विषय ठरलेला नसतो तेव्हा या यादीत एक नेहमीचा प्रकार घडतो. नामांकित कॉलेजच्या मागे मिळेल तो विषय लावून ओळी वाढवल्या जातात, आणि मग ज्या विषयाची चार पुस्तकेही चाळलेली नाहीत त्यात ऑनर्स पदरात पडते. पुढे उमेदवाराला वरच्या पसंतीवर सरकण्याची संधी मिळते खरी, पण तीही त्याने स्वतः भरलेल्या यादीतच.

त्याहून बारीक गोष्ट म्हणजे निर्णयाची वेळ पसंतिक्रमाच्याही बरीच आधी येऊन गेलेली असते. सीयूईटीचा अर्ज भरतानाच कोणत्या विषयांचे पेपर द्यायचे ते सांगावे लागते. २०२५पासून जास्तीत जास्त पाच पेपर देता येतात, आणि दिल्ली विद्यापीठ साधारणपणे बारावीला अभ्यासलेल्या विषयांतलेच पेपर धरते. अर्थशास्त्र ऑनर्सला गणिताचा पेपर हवा. एखाद्याने तो सोडला असेल, तर जूनमध्ये अर्थशास्त्राची कितीही गोडी लागली तरी उपयोग नाही. विषय ठरलेला नसलेल्याने या अर्जात गणित शक्य तोवर सोडू नये.

अशोकात प्रवेश विद्यापीठाला मिळतो, विषयाला नाही. सुरुवातीच्या सत्रांत सर्वांसाठी पायाभूत अभ्यासक्रम असतात, त्यासोबत निरनिराळ्या विषयांचे प्रास्ताविक वर्ग घेऊन पाहता येतात, आणि मुख्य विषय तिसऱ्या सत्राच्या अखेरीस जाहीर करायचा असतो. वर सांगितलेल्या तिसऱ्या प्रकारच्या विद्यार्थ्यासाठी ही रचना मोठी सोय आहे. तिची किंमतही तशीच आहे. शिकवणी, वसतिगृह, जेवण धरून वर्षाचा खर्च दहा लाखांच्या पुढे जातो. गरजेनुसार शुल्कसवलत मिळते, पण ती अर्जावर ठरते. दिल्ली विद्यापीठाच्या बहुतेक कॉलेजांची फी याच्या जवळपासही नाही, मुख्य खर्च असतो तो विद्यापीठालगतच्या कमलानगर-विजयनगर भागातल्या पीजीचा. दीड वर्षाच्या सवडीसाठी एवढा फरक मोजायचा का, हे घराच्या ऐपतीवर आणि अनिश्चितता खरोखर किती रुंद आहे यावर अवलंबून राहते. अर्थशास्त्र की राज्यशास्त्र, एवढाच प्रश्न असेल तर तो मोजण्यात अर्थ नाही. दिल्लीच्या ‘बी.ए. प्रोग्राम’मध्ये दोन विषय जोडीने घेता येतात. एकाच विषयाच्या ऑनर्सचा मान त्याला कमी मिळतो म्हणून तो मागे पडतो, एवढेच.

‘ठरवायला वेळ आहे’ हे आश्वासन सर्व विषयांना सारखे लागू होत नाही, याचा उल्लेख माहितीपत्रकांत क्वचितच सापडतो. समाजशास्त्र किंवा इतिहास दुसऱ्या वर्षी सुरू केला तरी फारसे बिघडत नाही. भौतिकशास्त्राचे तसे नाही. कलनशास्त्राशिवाय यामिकी पुढे सरकत नाही, यामिकी आणि रेषीय बीजगणिताशिवाय पुंजयामिकी समजत नाही. पायऱ्या क्रमानेच चढाव्या लागतात. तिसऱ्या सत्रापर्यंत वाट पाहून मग भौतिकशास्त्र घेणाऱ्याला पदवी वेळेत पुरी करणे जड जाते. म्हणून मोकळ्या रचनेच्या विद्यापीठातही अनिश्चित विद्यार्थ्याने पहिल्या सत्रापासून गणिताचा धागा धरून ठेवणे शहाणपणाचे असते. विज्ञानाकडून मानव्यविद्यांकडे केव्हाही वळता येते, उलट वाट फार लवकर बंद होते. महाराष्ट्रातल्या पालकांना हा नियम अकरावीच्या प्रवेशापासूनच ठाऊक असतो, आणि त्याचा ते वाजवीपेक्षा जास्त उपयोगही करतात.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत थोडी सवड पूर्वीपासून होती, फक्त तिला कोणी तसे नाव दिले नव्हते. पुणे विद्यापीठाच्या जुन्या बी.एस्सी.त एफवायला चार विषय, एसवायला तीन आणि टीवायला एक, अशी गाळणी होती. म्हणजे भौतिक, रसायन, गणित, इलेक्ट्रॉनिक्स घेऊन आलेला विद्यार्थी दोन वर्षे चाचपडून मग एक विषय ‘स्पेशल’ घेई. बी.ए.लाही स्पेशल विषय नंतरच येई. मात्र ही सवड विद्याशाखेच्या भिंतीआत होती. बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला इतिहास घेऊन पाहण्याची सोय नव्हती.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचा डिसेंबर २०२२चा श्रेयांक आराखडा यांनी कागदावर ही भिंत किलकिली केली. राज्यात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून नवी रचना लागू झाली. आराखड्यानुसार पहिल्या वर्षाच्या अखेरीस मुख्य विषय बदलता येतो. पुणे विद्यापीठाच्या नव्या रचनेत पहिल्या वर्षी तीन विषय घेऊन दुसऱ्या वर्षी त्यांतला एक मुख्य आणि एक गौण करायचा असतो. शिवाय मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा एखादा ‘ओपन इलेक्टिव्ह’ घ्यावाच लागतो. पदार्थविज्ञानाच्या मुलाला मराठी नाटक किंवा मानसशास्त्र शिकता यावे, ही त्यामागची कल्पना.

प्रत्यक्षात काय मिळते ते महाविद्यालयाच्या शिक्षकसंख्येवर ठरते. चार विद्याशाखा आणि भरपूर विभाग असलेल्या जुन्या स्वायत्त महाविद्यालयात इलेक्टिव्हची यादी लांबलचक असते. तालुक्याच्या गावातल्या केवळ विज्ञान शाखेच्या महाविद्यालयात दुसऱ्या शाखेचा शिक्षकच नसतो. मग यादीत जेमतेम दोन-तीन नावे, त्यांतल्या एका तासिकेची वेळ प्रॅक्टिकलशी भिडणारी, आणि सगळा वर्ग उरलेल्या एकाच विषयाला. नियम दोन्हीकडे एकच आहे. त्यामुळे एकाच विद्यापीठाची दोन महाविद्यालये विषय न ठरलेल्या विद्यार्थ्यासाठी दोन वेगळी विद्यापीठे असू शकतात. प्रवेशाआधी माहितीपत्रकापेक्षा चालू वर्षाचे वेळापत्रक मागून पाहावे. सूचनाफलकावर ते बहुधा लागलेले असते.

ज्याची अनिश्चितता विज्ञानापुरतीच आहे, त्याच्यासाठी पुण्याची ‘आयसर’ आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था या जागा याच कामासाठी घडवल्यासारख्या आहेत. २००६ साली सुरू झालेल्या पुण्याच्या आयसरमध्ये बारावीला जीवशास्त्र सोडलेल्यालाही पहिल्या वर्षी जीवशास्त्र शिकावे लागते आणि गणित सोडलेल्याला गणित. बेंगळुरूच्या चार वर्षांच्या पदवीतही, जी २०११मध्ये सुरू झाली, सुरुवातीची सत्रे सर्वांना समान असतात. बारावीत ‘ए ग्रुप’ की ‘बी ग्रुप’ असा जो तुकडा पडतो, तो इथे पुन्हा सांधला जातो. अट एवढीच, की साहित्य, कायदा किंवा अर्थशास्त्राकडे मन ओढत असेल तर या संस्था उपयोगाच्या नाहीत.

परदेशाची गोष्ट थोडक्यात. इंग्लंडमध्ये अर्जच विषयाचा असतो, त्यामुळे अनिश्चित विद्यार्थ्याने तिकडे घाई करू नये. स्कॉटलंडची चार वर्षांची पदवी त्या मानाने सैल आहे, तिथे पहिल्या दोन वर्षांत इतर विषय सोबत घेता येतात. अमेरिकेत मात्र विषय न सांगता दाखल होणे ही रूढ गोष्ट आहे आणि विषय बदलणेही. तिथल्या शिक्षण खात्याच्या आकडेवारी केंद्राने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पदवीसाठी दाखल झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश विद्यार्थ्यांनी तीन वर्षांच्या आत मुख्य विषय किमान एकदा बदललेला आढळला. सुरुवातीला गणित घेतलेल्यांत हे प्रमाण ५२ टक्के होते.

तरीही अमेरिकेतली ही मोकळीक सगळीकडे सारखी नाही. एमआयटीत पहिल्या वर्षी कोणाचाच विषय ठरलेला नसतो. वर्षाअखेरीस विद्यार्थी हवा तो विभाग निवडतो, जागांची मर्यादा नसते. मोठ्या सरकारी विद्यापीठांत संगणकशास्त्रासारख्या विषयांभोवती गर्दी झाली आणि दारे अरुंद झाली. बर्कलीत पूर्वी ‘लेटर्स अँड सायन्स’ या विभागसमूहात दाखल झालेला विद्यार्थी ठरावीक तीन अभ्यासक्रमांत ३.३ची सरासरी मिळवून संगणकशास्त्रात शिरू शके. २०२३च्या तुकडीपासून अर्जातच तो विषय मागावा लागतो, नंतरचा शिरकाव फार कठीण झाला आहे. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातही संगणकशास्त्राचा मुख्य मार्ग थेट प्रवेशाचाच आहे. अशा ठिकाणी ‘आधी आत जाऊ, मग बघू’ हा हिशेब फसतो. विषय बदलता येतो असे विद्यापीठ सांगत असेल, तर कोणत्या विषयातून कोणत्या विषयात, हे विभागाच्या पानावर वाचावे. गर्दीच्या विषयातून बाहेर पडणे सोपे असते, आत शिरणे नाही. भारतातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत पहिल्या वर्षानंतरचा शाखाबदल गुणवत्ता आणि रिक्त जागा यांवर होतो, तिथेही हेच दिसते.

दोन विद्यापीठांतली निवड चुकलीच, तर विद्यापीठ बदलण्याची वाट उरते. २०२१मध्ये आलेल्या ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मुळे एका संस्थेत मिळवलेले श्रेयांक दुसरीकडे नेता येतात, ते जास्तीत जास्त सात वर्षे ग्राह्य धरले जातात. मात्र जी संस्था पदवी देणार तिथे किमान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात. म्हणजे तीन वर्षांच्या पदवीत दीड वर्ष उलटण्यापूर्वीच हलावे लागते. त्यातही नव्या संस्थेत जागा रिकामी असणे आणि आधीचा अभ्यासक्रम तिथल्या मंडळाने समकक्ष मानणे या दोन गोष्टी बँकेच्या हातात नसतात. श्रेयांक खात्यात जमा असूनही नव्या विद्यापीठाने पहिल्या वर्षाचे दोन-तीन पेपर पुन्हा द्यायला सांगणे शक्य असते. म्हणून स्थलांतर प्रमाणपत्रासाठी अर्ज करण्याआधी नव्या संस्थेकडून समकक्षतेचे पत्र लेखी घ्यावे लागते.