होइस्टचे वय कसे मोजायचे?

गळीत हंगाम सुरू झाला की लातूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत ऊस उतरवणाऱ्या क्रेनला उसंत नसते. गाडीतला ऊस उचलायचा, गव्हाणीत टाकायचा, रिकामा हूक परत आणायचा. तिन्ही पाळ्यांत हेच चालते. नांदेड जिल्ह्यात धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याची गोष्ट उलटी. सर्वोच्च न्यायालयाच्या 28 फेब्रुवारी 2013 च्या निकालानुसार त्याचे 14 दरवाजे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात, त्यामुळे ते उचलणारी यंत्रणा वर्षातून मोजक्याच वेळा फिरते. अशी दोन यंत्रे एकाच वर्षी बसवली असतील, तर दहा वर्षांनी दोघांचे वय सारखे धरायचे का?

वारंवार भार पडून धातू थकतो, हे खाणीत आणि रेल्वेत आधी कळले. जर्मनीतल्या हार्झ भागात खाणींच्या साखळ्या पेलण्याजोग्या वजनानेही तुटत. तिथले खाण अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट यांनी साखळ्यांवर पुन्हा पुन्हा भार देऊन त्या किती फेऱ्या टिकतात ते तपासले आणि 1834 मध्ये तारांचा दोर वापरात आणला. आजचा वायर रोप त्याचाच वंशज. पुढे रेल्वे अभियंते ऑगस्ट व्योलर यांनी रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवले, की भार किती यासोबत तो किती वेळा पडला यालाही तितकेच महत्त्व आहे.

होइस्टचे, म्हणजे क्रेनमधल्या माल वर-खाली करणाऱ्या यंत्रणेचे, आयुष्य याच तत्त्वावर ठरते. कामाच्या ताणानुसार होइस्टचे वर्ग पाडतात; त्यातल्या ‘एम-5’ वर्गातल्या होइस्टची रचना युरोपीय नियमांनुसार पूर्ण भाराच्या 1600 तासांसाठी केलेली असते. हे तास फक्त माल वर-खाली होतानाचे. माल नुसता लटकलेला असताना किंवा क्रेन आडवी सरकताना ते धरत नाहीत. समजा, एकाच पाळीत दिवसाला 40 मिनिटे उचल होते आणि वर्षात कामाचे दिवस 300. म्हणजे वर्षाला 200 तास. प्रत्येक वेळी पूर्ण भार असेल, तर 8 वर्षांत हिशेब संपतो. तीन पाळ्या चालवल्या, तर तीन वर्षेही पुरत नाहीत.

भार निम्मा असेल तर आयुष्य दुप्पट होईल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते आठपट होते. गिअर आणि बेअरिंगची झीज साधारणपणे भाराच्या घनानुसार वाढते. निम्म्या भाराचा घन म्हणजे एक अष्टमांश. त्या 200 तासांतले मग 25 तासच खर्ची पडतात. म्हणून क्षमतेच्या काठावर रोज चालणारा होइस्ट झपाट्याने म्हातारा होतो. या हिशेबात हूक, ग्रॅब आणि स्लिंगचे वजनही धरावे लागते.

नव्या होइस्टमध्ये तास आणि भार मोजणारे उपकरण असते. जुन्याला साधा अवर मीटर बसवता येतो आणि भाराची नोंद पाळीनिहाय वहीत ठेवता येते. मीटरच नसेल, तर अंदाजाने काढलेले तास दीडपट धरावेत, असे युरोपीय नियम सांगतात. नोंद न ठेवण्याची किंमत अशी यंत्राच्या आयुष्यातून वजा होते. तास संपले म्हणजे होइस्ट भंगारात गेला असे नाही. तो पूर्ण उघडून, गिअर, बेअरिंग, ब्रेक तपासून, झिजलेले भाग बदलून पुढचा कालावधी नव्याने ठरवायचा असतो.

तासांच्या हिशेबातून सुटणाऱ्या गोष्टीही आहेत. कमी चाललेले यंत्र गंजते, ग्रीस वाळते. तुंगभद्रा धरणाच्या 19 क्रमांकाच्या दरवाजाची साखळी 10 ऑगस्ट 2024 च्या रात्री तुटली आणि दरवाजा वाहून गेला. ते धरण 1953 चे. फार न फिरलेल्या यंत्रणेलाही कॅलेंडर चुकत नाही, हा त्याचा धडा. त्यामुळे डोळ्यांनी आणि हातांनी करायची तपासणी टळत नाही. जाणता फिटर दोराच्या ठरावीक लांबीत तुटलेल्या तारा मोजतो, कॅलिपरने व्यास घेतो. हुकाच्या तोंडावर नवा असतानाच पंचने दोन ठिपके मारलेले असतात. त्यांच्यातले अंतर वाढले, की हूक उघडू लागला हे कळते.

2025 पर्यंत लागू असलेल्या फॅक्टरीज अ‍ॅक्ट, 1948 च्या कलम 29 नुसार क्रेन, साखळ्या आणि दोर यांची सक्षम व्यक्तीकडून 12 महिन्यांतून निदान एकदा कसून तपासणी आणि तिची नोंद बंधनकारक होती. पण तपासणी ही त्या दिवसाची स्थिती सांगते. किती आयुष्य उरले, ते तासांच्या वहीतूनच कळते. दोन्ही हव्यात.

लातूर-नांदेडच्या एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदारांना म्हणून एवढेच सांगणे आहे. होइस्टवरची क्षमतेची पाटी वाचा, त्याचा वर्ग विचारून घ्या आणि आजपासून तास लिहायला सुरुवात करा. हुकाखाली आपलीच माणसे वावरतात.