नेमका शब्द, नेमका वाचक

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगड हे गोंड समाजाचे श्रद्धास्थान होय. येथील नैसर्गिक गुहांच्या दर्शनासाठी माघ पौर्णिमेच्या यात्रेस अनेक राज्यांतून भाविक येतात. अशा स्थळाची माहिती इंटरनेटवर दिली, म्हणजे ती गरजूपर्यंत पोहोचतेच असे नाही.

शोधयंत्र वाचकाचे शब्द उपलब्ध मजकुराशी ताडून पाहते. केवळ ‘गुहा’ किंवा ‘यात्रा’ या शब्दाने देशभरातील असंख्य स्थळे पुढे येतात व कचारगड मागे पडते. याउलट ‘कचारगड यात्रा दरेकसा स्थानक’ असे शोधणारे थोडे असले, तरी त्यांना तेथेच जावयाचे असते. म्हणून शीर्षकात व आरंभीच्या मजकुरात स्थळ, तालुका, जिल्हा, तिथी व जवळचे रेल्वे स्थानक यांचा स्पष्ट उल्लेख असावा. छत्तीसगड व मध्य प्रदेशातील भाविकांसाठी ‘कचारगढ़’ हे हिंदी रूपही द्यावे. मात्र तेच शब्द निष्कारण वारंवार घालू नयेत. असा मजकूर शोधयंत्रे मागे टाकतात.

शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी यात्रेकरू प्रत्यक्ष काय विचारतात, ते टिपून ठेवावे. त्यांच्या तोंडचा शब्द हाच सर्वांत उपयुक्त शोधशब्द ठरतो.