केशरोपणानंतरचे ताट : बोंबील, नागली आणि बायोटिनची गोळी

केशरोपणात नवे केस तयार होत नाहीत. डोक्याच्या मागच्या आणि बाजूच्या भागातील केसांची मुळे काढून ती टक्कल पडलेल्या जागी बसवली जातात, एवढेच त्या शस्त्रक्रियेचे स्वरूप आहे. जागा बदलली तरी मुळाचा स्वभाव बदलत नाही, हे न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखवले आणि आजची सारी केशरोपणे त्याच तत्त्वावर उभी आहेत. बसवलेल्या मुळाला, म्हणजे ग्राफ्टला, पहिले काही दिवस स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. आजूबाजूच्या ऊतींतून झिरपणाऱ्या द्रवावर ते तगून राहते. मग बारीक रक्तवाहिन्या त्याच्यापर्यंत पोहोचतात आणि साधारण दहा दिवसांत ते जागेवर घट्ट होते. दोन ते सहा आठवड्यांत लावलेले केस गळून पडतात. ही गळती अपेक्षितच असते, कारण मूळ आतच राहते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवी वाढ दिसू लागते आणि पूर्ण परिणाम दिसायला वर्षभर लागते.

आहाराचे काम या वेळापत्रकात शोधावे लागते. ग्राफ्ट टिकणे हे मुख्यतः शल्यचिकित्सकाच्या हातावर, मूळ शरीराबाहेर किती वेळ राहिले आणि ते किती हळुवारपणे हाताळले गेले यावर अवलंबून असते. कोणताही पदार्थ खाऊन ग्राफ्ट ‘धरत’ नाही. उलट बाजू मात्र खरी आहे: शरीरात प्रथिने, लोह, जस्त किंवा क जीवनसत्त्व कमी असेल तर जखम रेंगाळते आणि महिन्यांनंतरची वाढ विरळ राहते. म्हणून या शस्त्रक्रियेनंतर वेगळे काही खाण्यापेक्षा उणीव राहू न देणे हेच आहाराचे उद्दिष्ट ठरते.

पहिली गरज प्रथिनांची. केस जवळजवळ पूर्णपणे केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो आणि जखम भरणारे कोलॅजनही प्रथिनच. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला रोज सुमारे ५४ ग्रॅम प्रथिने लागतात. शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत त्याहून थोडे अधिक, म्हणजे दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम, घेणे सोयीचे. एवढे प्रथिन महागड्या डब्यातल्या पावडरीतूनच मिळते, असा समज शहरातून परतणाऱ्या रुग्णाबरोबर घरी येतो. डहाणूच्या खाडीलगतच्या धाकटी डहाणूसारख्या मच्छीमार गावात तरी त्याला काही आधार नाही. ताजा बोंबील ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतो; पण बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर तो उन्हात वाळला की १०० ग्रॅममध्ये सुमारे ६० ग्रॅम प्रथिने उरतात. म्हणजे ३० ग्रॅम सुक्या बोंबलात १८ ग्रॅम, तीन अंड्यांइतकी. पापलेट, घोळ यांना बाजारात मोठा भाव मिळतो आणि चांगला माल बहुधा बाहेरच जातो. घरच्या कालवणात येणारी मांदेली, करंदी, जवळा यांची किंमत कमी असली तरी प्रथिनांचा दर्जा कमी नसतो.

मासे न खाणाऱ्या घरांत तूर, मूग, वाल, चवळी, दही, ताक आणि पनीर हीच मदार. डाळीत जे अमिनो आम्ल कमी पडते ते तांदळात असते आणि तांदळात जे कमी ते डाळीत, त्यामुळे वरण-भात हा जोड प्रथिनांच्या दृष्टीने योग्यच आहे. फक्त वरण पातळ पाण्यासारखे नसावे आणि वाटी एकावर थांबू नये. शाकाहाऱ्यांत ब-१२ ची कमतरता वारंवार आढळते. हे जीवनसत्त्व वनस्पतींमधून मिळत नाही, म्हणून दूध-दही तरी नियमित हवे आणि रक्ततपासणीत ते कमी निघाले तर औषध.

इथे एका जुन्या पथ्याचा विचार करावा लागतो. टाके पडले की मासे, वांगे, आंबट आणि डाळ बंद, नाहीतर जखमेत पू होतो, अशी समजूत महाराष्ट्रात सर्वदूर आहे आणि किनाऱ्यावरही ती ऐकू येते. पू जंतुसंसर्गाने होतो. तो माशाने होत नाही आणि डाळीनेही नाही. या पथ्यामुळे नेमक्या ज्या आठवड्यात प्रथिने हवीत त्याच आठवड्यात रुग्ण पेज आणि मऊ भातावर राहतो. समजुतीमागे थोडे तथ्य असेल तर ते शिळ्या माशात आहे. बांगडा, सुरमई यांसारखे मासे बर्फाविना पडून राहिले तर त्यांत हिस्टामिन तयार होते आणि ते शिजवूनही जात नाही. असा मासा खाल्ला की चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते. डोक्यावर ताज्या खपल्या असताना ही खाज परवडणारी नसते. ताजा मासा चालतो, ज्याला आधीपासून माशाची ॲलर्जी आहे तो अर्थातच वगळून.

लोहाबाबत गैरसमज कमी, पण हिशेब अवघड. पुरुषाला रोज १९ आणि स्त्रीला २९ मिलिग्रॅम लोह लागते. केशरोपण करून घेणाऱ्या स्त्रियांमध्ये गळतीचे कारण बरेचदा लोहाची कमतरताही असते आणि ते कारण तसेच ठेवून केलेले रोपण अर्धवटच राहते. पावसाळ्यात डहाणू-तलासरीच्या आदिवासी पाड्यांवर मिळणारा टाकळा, एरवी माठ आणि शेवग्याचा पाला, यांत लोह असते, मात्र पालेभाजीतले लोह शरीरात सहज शोषले जात नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व आले तर शोषण वाढते आणि जेवणाला लागून चहा घेतला तर घटते. डहाणू तालुक्यात पिकणारी ढोबळी मिरची या जीवनसत्त्वाने समृद्ध आहे, पण खूप शिजवली की ते बरेचसे नष्ट होते. त्यापेक्षा भाजीवर शेवटी पिळलेले लिंबू, पेरूची फोड किंवा आवळा सोपा. हेच जीवनसत्त्व कोलॅजन विणायलाही लागते. मासळी आणि मांसातले लोह तुलनेने सहज शोषले जाते, त्यामुळे मिश्र आहाराच्या घरात हा प्रश्न सौम्य असतो. नागलीची भाकरी वारली घरांत नित्याची. तिच्या १०० ग्रॅम पिठात ३४० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असते. ते हाडांसाठी उत्तम, केसांसाठी तिचे वेगळे माहात्म्य सांगितले जाते त्याला मात्र पुरावा नाही.

जस्त पेशींच्या विभाजनाला लागते. कोणत्याही अन्नात सर्वाधिक जस्त कालवांत असते आणि खडकाळ किनाऱ्यावर ती मिळतात; पूर्ण शिजवूनच खावीत. चिंबोऱ्या, तीळ, भोपळ्याच्या बिया, डाळी हे इतर स्रोत. जस्ताच्या गोळ्या मनाने दीर्घकाळ घेतल्या तर तांब्याचे शोषण बिघडते.

गोळ्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त पैसा बायोटिनवर वाया जातो. बायोटिनची खरी कमतरता दुर्मीळ आहे, कारण अंडी, शेंगदाणे, मासे अशा रोजच्या अन्नातून ते पुरेसे मिळते. कमतरता नसताना मोठ्या मात्रेने केस वाढतात असे सिद्ध झालेले नाही. धोका वेगळ्याच ठिकाणी आहे: रक्तात बायोटिन जास्त असले की थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्यात केल्या जाणाऱ्या ट्रोपोनिनच्या काही चाचण्या चुकीचे आकडे दाखवतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली याबद्दल इशारा दिला होता. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम यांचा अतिरेक तर स्वतःच केस गाळतो. केसांसाठी घेतलेल्या गोळ्यांनी केस जावेत हा प्रकार दवाखान्यांना नवा नाही.

पहिल्या दहा दिवसांचे खाणे जखमेकडे आणि औषधांकडे पाहून ठरते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कपाळावर आणि डोळ्यांभोवती सूज येते. ती टाळूत टोचलेल्या द्रवाची असते. या दिवसांत खारवलेले मासे, पापड, लोणचे कमी ठेवावे. बोंबील बहुधा मीठ न लावता वाळवला जातो, त्यामुळे तो धुऊन, भाजून, पूर्ण शिजवून चालतो. वेदनाशामक गोळ्या रिकाम्या पोटी घेऊ नयेत. काही प्रतिजैविके, उदाहरणार्थ डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन, दूध किंवा लोह-कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतल्यास नीट शोषली जात नाहीत. मध्ये दोन तासांचे अंतर हवे. सूज उतरण्यासाठी स्टेरॉइड दिले असेल तर मधुमेह्याची साखर चढते. अशा दिवसांत घोलवडचा चिकू, २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला असला तरी, त्याने मोजूनच खावा. साखरेचा त्रास नसलेल्याला मात्र तोच चिकू गोळ्यांनी आलेल्या बद्धकोष्ठावर उपयोगी पडतो. झणझणीत कालवणाने जखमेला थेट इजा होत नाही, पण डोक्याला घाम सुटतो आणि खपल्या चुरचुरतात. जेवणातली हळद, लसूण यांची भीती नको. त्यांच्या अर्काच्या कॅप्सूल आणि माशाच्या तेलाच्या गोळ्या रक्तस्राव वाढवू शकतात म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीपासून डॉक्टरांना सांगाव्यात.

ताडी आणि मोहाची दारू डहाणूकडे पाहुणचाराचाच भाग असल्याने रुग्णाला नकार देणे जड जाते. मद्याने रक्तवाहिन्या सैलावून रक्तस्राव आणि सूज वाढते, शिवाय औषधांशी त्याचे जमत नाही. डॉक्टरांनी सांगितलेला काळ, सहसा किमान आठवडाभर, ती वर्ज्य. ताडापासून पहाटे उतरवलेली, न आंबलेली ताजी नीरा चालते. तंबाखू आणि विडी याहून वाईट. निकोटिन त्वचेतील बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करते, आणि ग्राफ्टचे सगळे भवितव्य त्याच वाहिन्यांवर असते. मिश्री हाही तंबाखूच आहे, हे वेगळे सांगावे लागते.

ऋतूचाही विचार हवा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यानंतर अनेक घरांत श्रावण पाळला जातो. या काळात शस्त्रक्रिया असेल तर जून-जुलैत सुकी मासळी आणि अंडी, श्रावणात कडधान्ये आणि दूधदुभते यांवर ताट बेतावे लागते. साबुदाणा आणि बटाट्याच्या उपासात प्रथिन नगण्य असते. शेंगदाणे, दही आणि राजगिरा त्यात वाढवता येतात. दमट हवेत साठवलेल्या जवळ्याला बुरशीचा वास आला तर तो टाकून द्यावा.

दहा दिवस उलटले की काळजी सुटते, आणि खरी हानी बहुधा त्यानंतर होते. नव्या रूपाबरोबर वजनही झटपट उतरवावे म्हणून कडक उपाशी आहार सुरू केला, तर दोन-तीन महिन्यांनी केस घाऊक गळतात. ही गळती आधीपासून असलेल्या केसांनाही लागू होते आणि रुग्ण दोष रोपणाला देतो. वजन कमी करायचेच असेल तर ते हळूहळू, प्रथिन न घटवता. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. त्या गतीला घाई लावणारे अन्न नाही, तिला अडवणारी उपासमार मात्र आहे.

हिमोग्लोबिन, फेरिटिन, ब-१२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि एचबीएवनसी या तपासण्या शस्त्रक्रियेआधी झाल्या नसतील तर वाढीची वाट पाहण्याच्या महिन्यांत करून घेता येतात. बायोटिन चालू असेल तर ते किती दिवस आधी थांबवायचे हे डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिनाचे वर दिलेले आकडे स्वतःला लावू नयेत; त्यांचे प्रमाण त्यांचे डॉक्टरच ठरवतात.