पायलट व्हायचंय? मग पहिले वीस तास समजून घ्या

गेल्या महिन्यात आमच्याकडे बारावी सायन्सची एक विद्यार्थिनी आणि तिचे अब्बू आले. अब्बूंचं मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे. मुलीच्या हातात दोन रंगीत माहितीपत्रकं होती. दोन्हींवर पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या आणि मागे मोठं प्रवासी विमान. अब्बूंचा प्रश्न सरळ होता. "सर, विद्यापीठाची डिग्री मिळणार म्हणतात. पन्नास लाखांच्या आसपास खर्च सांगतात. गावाकडची जमीन काढावी लागेल. या पैशात पोरीला नेमकं शिकवणार काय, ते कुणी सांगतच नाही."

प्रश्न अगदी योग्य होता आणि त्याचं उत्तर आम्हालाही पूर्ण येत नव्हतं. मग आम्ही चौकशी केली, नियम वाचले, विमान चालवणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोनवर पुष्कळ छळलं. आपल्या समाजात अशा माहितीपत्रकांपुढे बसलेली घरं आता बरीच दिसतात, म्हणून जे कळलं ते इथे मांडतो आहोत.

आधी एक गोंधळ दूर करू. विद्यापीठ पदवी देतं, पायलट बनवत नाही. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, ज्याला सगळे सीपीएल म्हणतात, तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालय म्हणजे डीजीसीए देतं. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेला बॉम्बे फ्लाइंग क्लबचा बीएस्सी एव्हिएशन अभ्यासक्रम असो की उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यातल्या फुर्सतगंजच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीतला, तीन वर्षांची पदवी आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पदवी मिळाली पण उड्डाणाचे तास भरले नाहीत, तर तो मुलगा पदवीधर झाला, पायलट नाही. उलट परवान्यासाठी पदवी लागतच नाही. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असलं की पुरतं. कॉमर्स किंवा आर्ट्सवाले हे दोन विषय मुक्त विद्यालयातून देतात. मग पदवी वाया जाते का? तसं नाही. उद्या नोकऱ्या आटल्या किंवा तब्येतीमुळे उडणं थांबलं, तर हातात काहीतरी असतं. आमच्या मते पदवीची खरी किंमत एवढीच आहे आणि ती कमी नाही.

परवान्यासाठी वयाची १८ वर्षं पूर्ण हवीत आणि एकूण २०० तास उड्डाण. त्यातले किमान १०० तास विमानाची पूर्ण जबाबदारी विद्यार्थ्यावर असते. एक लांबचा प्रवास ३०० सागरी मैलांचा, म्हणजे साधारण ५५५ किलोमीटरचा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. रात्रीचे ५ तास. फक्त यंत्रांकडे बघून उडवण्याचे १० तास. सोबत हवाई नियम, दिशादर्शन, हवामान आणि विमानाची तांत्रिक माहिती यांच्या लेखी परीक्षा. पास व्हायला ७० टक्के लागतात, ३५ वर भागत नाही. रेडिओ संभाषणाची परीक्षा वेगळी.

हे सगळं पुढचं. पाया घातला जातो तो सुरुवातीच्या पंधरा-वीस तासांत. चार किंवा दोन आसनांचं छोटं सेस्ना विमान, डावीकडे विद्यार्थी, उजवीकडे शिक्षक, दोघांपुढे सारखेच कंट्रोल.

पहिला धडा जमिनीवरच असतो. विमानाभोवती फिरून ते हाताने, डोळ्याने तपासायचं. पंखांमधल्या टाकीतून थोडं पेट्रोल छोट्या बाटलीत काढून उजेडात धरायचं. हे पेट्रोल निळसर असतं. त्यात पाणी शिरलं असेल तर ते तळाशी थेंब होऊन बसतं. उडण्याआधी इंजिन फिरवून त्याचे दोन मॅग्नेटो एकेक करून बंद करून बघायचे, कारण प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात, एक यंत्रणा गेली तर दुसरीवर इंजिन चालावं म्हणून. हे सांगताना गॅरेजवाल्या अब्बूंचा चेहरा उजळला. म्हणाले, "म्हणजे आमचंच काम, फक्त वर गेल्यावर बाजूला गाडी लावता येत नाही."

नेमकं हेच. आणि म्हणूनच सगळं तपासयादी वाचून करायचं असतं, पाठ असलं तरी. आमच्या मुलांना पाठांतराची सवय असते. इथे पाठांतरावर विसंबणाऱ्याला शिक्षक खाली उतरवतो.

मग विमान धावपट्टीकडे न्यायचं. ज्यांना कार किंवा स्कूटर येते त्यांची इथेच फजिती होते. समोर स्टिअरिंगसारखं दिसणारं चाक असतं, मुलं ते फिरवतात आणि विमान ढिम्म वळत नाही. जमिनीवर विमान पायांनी वळवतात, पेडल दाबून. हातातलं चाक हवेतल्या कामासाठी. ते डावी-उजवीकडे फिरवलं की विमान त्या बाजूला कलतं, ओढलं की नाक वर, ढकललं की खाली.

वर गेल्यावर चारच गोष्टी शिकवतात. सरळ आणि एका उंचीवर उडणं, चढणं, उतरणं, वळणं. ऐकायला सोपं आहे. पण सरळ उडणंच पहिल्या दिवशी जमत नाही, कारण मुलगा चाक मुठीत आवळून धरतो आणि प्रत्येक हलक्या हेलकाव्याला उत्तर देत बसतो. शिक्षक सांगतो, दोन बोटांनी धर, बाहेर क्षितिजाकडे बघ. व्हिडिओ गेम खेळून आलेली मुलं काचेवरच्या घड्याळांत डोळे घालून बसतात. त्यांना वेळ जास्त लागतो, असं आमचा विद्यार्थी म्हणाला.

यानंतर येतो तो धडा, ज्याच्यासाठी आमच्या मते हे सगळे पैसे आहेत. त्याला स्टॉल म्हणतात. गाडीच्या भाषेत स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं, विमानात मात्र इंजिनाचा त्याच्याशी संबंध नाही. एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून तळवा थोडा तिरपा केला की वारा हात वर उचलतो, हे प्रत्येकाने केलेलं असतं (कंडक्टरच्या शिव्याही खाल्लेल्या असतात). तळवा आणखी तिरपा करत जा. एका मर्यादेनंतर हात उचलला जात नाही, नुसता मागे ढकलला जातो. विमानाच्या पंखाचंही तसंच. वाऱ्याशी त्याचा कोन साधारण १५-१६ अंशांपलीकडे गेला की वरून वाहणारी हवा पंख सोडते आणि उचल कोसळते. इंजिन जोरात चालू असलं तरी.

आता माणूस काय करेल? विमान पडतंय म्हटल्यावर कुणीही चाक स्वतःकडे ओढेल, नाक वर करायला. आणि तेच चूक आहे, कारण त्याने कोन आणखी वाढतो. योग्य उपाय म्हणजे चाक पुढे सोडायचं, नाक खाली जाऊ द्यायचं, पंखाला हवा पुन्हा धरू द्यायची, मग सावकाश वर. पडत असताना आणखी खाली जायचं, हे कुणाच्याही रक्तात नसतं. ते पुरेशा उंचीवर नेऊन, शिक्षक शेजारी असताना, पुन्हा पुन्हा करून अंगात मुरवावं लागतं. पुस्तक वाचून परीक्षेत उत्तर लिहिता येतं. हात मात्र सरावानेच शिकतो.

इंजिन बंद पडल्याचा सरावही असतो. शिक्षक अचानक इंजिनाचा जोर काढून घेतो आणि विचारतो, आता कुठे उतरशील? छोटं विमान इंजिनाशिवाय दगडासारखं पडत नाही, ते तरंगत उतरतं. ३००० फुटांवरून साधारण ८ किलोमीटर जाऊ शकतं. तेवढ्यात योग्य वेग धरायचा, मोकळं शेत शोधायचं, मग कारण बघायचं आणि रेडिओवर सांगायचं, याच क्रमाने. आधी विमान सांभाळ, मग वाट बघ, मग बोल. गोंधळलेली मुलं पहिल्यांदा रेडिओच धरतात.

रेडिओवरून आठवलं. उर्दू आणि मराठी माध्यमाच्या मुलांची मोठी धास्ती म्हणजे इंग्रजी. आम्ही स्वतः दोन्ही भाषांत शिकवतो, त्यामुळे ही भीती आम्हाला ठाऊक आहे. पण रेडिओवरची इंग्रजी ठरलेल्या थोडक्या वाक्यांची असते. आकडे एकेक करून बोलायचे, त्यातही नाइनला 'नायनर' आणि थ्रीला 'ट्री' म्हणायचं, म्हणजे खरखरीत गल्लत होत नाही. टॉवरने सांगितलेलं महत्त्वाचं परत म्हणून दाखवायचं. हाफिजीला बसलेल्या मुलाला सबक ऐकवायची सवय असते, तसंच हे. परवान्यासाठी इंग्रजीच्या प्रावीण्याची वेगळी चाचणी आहे, ती द्यावीच लागते. पण फडाफडा इंग्रजी बोलता येत नाही म्हणून घरी बसण्याचं कारण नाही.

सगळ्यात जास्त तास जातात ते उतरण्यात. आपल्याकडे नवव्या शतकातल्या कुर्तुब्याच्या अब्बास इब्न फिरनास यांचा किस्सा मुलांना सांगतात. अंगाला पिसं लावून त्यांनी उडी घेतली आणि काही अंतर तरंगले, असं सांगतात. सतराव्या शतकात मक्करी यांनी तो लिहून ठेवला, त्यात एक बारीक गोष्ट आहे जी आपण वर्गात गाळतो. उतरताना त्यांच्या पाठीला मार बसला, कारण पक्षी शेपटीच्या आधाराने उतरतात आणि त्यांनी शेपटी लावलीच नव्हती. किस्सा कितपत खरा ते इतिहासकार ठरवोत, पण विद्यार्थी पायलटची अडचण अजूनही तीच आहे.

सराव असा होतो. उडायचं, साधारण १००० फुटांवर धावपट्टीभोवती आयताकृती फेरी मारायची, उतरायचं, पुन्हा उडायचं. जमिनीपासून पंधरा-वीस फुटांवर आलं की नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाला न्यायची आणि चाक हळूहळू ओढत नाक उचलायचं. लवकर ओढलं तर विमान वर तरंगतं आणि मग आपटतं, उशीर झाला तर पुढचं चाक आधी टेकतं. जमत नाही असं वाटलं की पूर्ण जोर देऊन परत वर जायचं. यात कमीपणा नाही, उलट जो वेळेत वर जातो त्याच्यावर शिक्षकाचा भरवसा बसतो.

मग एक दिवस शिक्षक फेरीनंतर विमान थांबवायला सांगतो, दार उघडतो आणि उतरून जातो. एकट्याची पहिली फेरी. आमचा विद्यार्थी सांगत होता, विमान अचानक हलकं होतं, भराभर चढतं, कारण शेजारचं वजन गेलेलं असतं. सहा-सात मिनिटांत संपतं. खाली आल्यावर मित्र बादलीभर पाणी अंगावर ओततात. कुणाला ही फेरी पंधरा तासांत मिळते, कुणाला पंचवीस. उशीर लागला म्हणजे मुलगा मठ्ठ असा अर्थ नाही, पण प्रत्येक जादा तासाचे पैसे लागतात हे घरच्यांनी धरून चालावं.

आता पैशाची आणि क्रमाची गोष्ट. सगळ्यात आधी मेडिकल. क्लास टू, मग क्लास वन. चष्मा चालतो, पण चष्म्याने नजर पूर्ण सुधारली पाहिजे. रंग ओळखण्यात दोष असेल तर अडतं. आमच्या ओळखीच्या एका घराने एजंटला आधी मोठी रक्कम दिली, मेडिकल नंतर केलं आणि मुलाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही हे तेव्हा उघड झालं. रक्कम परत आली नाही. वीस वर्षांत घरात कुणाच्या हे लक्षात आलं नव्हतं.

दुसरं म्हणजे सीपीएलवर खर्च थांबत नाही. एअरलाइनच्या मोठ्या विमानासाठी टाइप रेटिंग वेगळं, त्याचे लाखो रुपये वेगळे. हैदराबादच्या जुन्या शहरातल्या बेकरी कामगाराची मुलगी सय्यदा सलवा फातिमा हिने परवाना मिळवला, तरी पुढच्या प्रशिक्षणासाठी तिला तेलंगणा सरकारच्या मदतीची वाट पाहावी लागली. व्याजाच्या कर्जाचा प्रश्न प्रत्येक घराने आपापल्या आलिमांशी बोलून सोडवावा. मौलाना आझाद महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी जरूर करा, पण त्याची मर्यादा या खर्चापुढे फारच तोकडी आहे.

तिसरं, माहितीपत्रकातल्या महिन्यांवर जाऊ नका. पावसाळ्यात उड्डाणं रखडतात, विमानं दुरुस्तीत अडकतात. शाळेला विचारा: सध्या उडू शकणारी विमानं किती, शिक्षक किती, विद्यार्थी किती, मागच्या तुकडीचे २०० तास किती काळात झाले. २०२५ पासून डीजीसीए उड्डाणशाळांची श्रेणी जाहीर करतं, तीही बघा.

मुलीला कसं पाठवायचं, हाही प्रश्न अम्मीकडून आलाच. भारतातल्या पायलटांमध्ये सुमारे १५ टक्के महिला आहेत, जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त. आणि ज्यांच्या कथा आम्ही उर्दूत वाचत आलो त्या हिजाब इम्तियाज अली १९३०च्या दशकातच लाहोरच्या फ्लाइंग क्लबमध्ये शिकून पायलट झाल्या होत्या. हे ऐकून अम्मी काही बोलल्या नाहीत, पण होस्टेलची चौकशी करायला त्यांनीच सांगितलं.

परवा अब्बू आणि मुलगी एका उड्डाणशाळेच्या मैदानाबाहेर सकाळी सातपासून अकरापर्यंत बसून आले. आकाश निरभ्र होतं. उभी विमानं नऊ, उडाली तीन. अब्बूंनी ते गॅरेजच्या बिलबुकाच्या पाठीवर लिहून आणलं. पैसे अजून भरलेले नाहीत. पुढच्या मंगळवारी मुलीचं क्लास टू मेडिकल आहे, त्यानंतर दुसरं मैदान बघायला जाणार आहेत.