पाय आधी, हृदय मागून

लंडनचे वैद्य विल्यम हेबर्डन यांनी १७६८ मध्ये छातीतल्या एका विचित्र दुखण्याचं वर्णन केलं. माणूस चालायला लागला, त्यातही चढावर किंवा जेवून निघाला असेल तर, की छाती आवळून येते. उभा राहिला की दुखणं जातं. नव्वद वर्षांनी, १८५८ मध्ये, पॅरिसच्या झाँ-मार्तँ शार्को यांनी पायाबद्दल जवळपास हेच लिहिलं. थोडं अंतर चाललं की पाय आखडतो, थांबलं की मोकळा होतो, पुन्हा तेवढंच अंतर गेलं की पुन्हा आखडतो. काम करणारा स्नायू रक्त मागतो आणि अरुंद झालेली रोहिणी ते पुरवू शकत नाही, हे दोन्हीकडचं कारण एकच. तरीही वैद्यकाने ही दोन दुखणी पुढची शंभर वर्षं वेगवेगळ्या दालनांत ठेवली. छाती फिजिशियनकडे गेली, पाय सर्जनकडे.

या शंभर-सव्वाशे वर्षांकडे मागे वळून पाहताना सारखं जाणवतं की हृदयरोगाच्या उपचारांमधल्या दोन मोठ्या पायऱ्या आधी पायावर चढल्या गेल्या. १९४८ मध्ये पॅरिसमध्ये झाँ क्युन्लँ यांनी पायातलीच एक शीर काढून बंद पडलेल्या मांडीच्या रोहिणीला वळसा घालून जोडली. बायपास हा शब्द आज ऐकला की आपला हात छातीकडे जातो, पण शिरेचा तो पहिला वळसा पायात होता. अर्जेंटिनाचे रेने फावालोरो यांनी अमेरिकेत क्लीव्हलंडला हृदयासाठी पायाची शीर वापरण्याची पद्धत रूढ केली ती १९६७ पासून. म्हणजे ज्या रुग्णाच्या छातीवर बायपासचा व्रण असतो, त्याच्या पोटरीवरही बहुधा लांब व्रण असतो.

अरुंद रोहिणी आतून फुग्याने रुंद करण्याची, म्हणजे अँजिओप्लास्टीची, गोष्ट याहून थेट आहे. जानेवारी १९६४ मध्ये ओरेगनमधल्या पोर्टलंडला ८२ वर्षांच्या एका बाईंचा पाय गँगरीनमुळे कापायचं ठरलं होतं. त्यांनी साफ नकार दिला. रेडिओलॉजिस्ट चार्ल्स डॉटर यांनी मांडीच्या रोहिणीतून तार सरकवली, तिच्यावरून क्रमाने जाड होत जाणाऱ्या नळ्या घातल्या आणि अरुंद जागा रुंद केली. पाय काही तासांत गरम झाला आणि वाचला. त्या पुढे दोनेक वर्षं, मरेपर्यंत, स्वतःच्या पायांवर चालल्या. अमेरिकेतल्या सर्जननी डॉटर यांची टर उडवली. त्यांच्याकडे रुग्ण पाठवताना फक्त चित्र काढा, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, अशी लेखी सूचनाही एकाने दिली होती. ही पद्धत जगली ती युरोपात.

झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंत्सिग हे तरुण डॉक्टर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बारीक फुगे तयार करत बसायचे. १९७४ मध्ये त्यांनी असा फुगा पायाच्या रोहिणीत फुगवला आणि पायांवर पुरेसा हात बसल्यावर १६ सप्टेंबर १९७७ रोजी ३८ वर्षांच्या एका पुरुषाच्या हृदयाच्या रोहिणीत. अँजिओप्लास्टी तिथून जगभर गेली. डॉटर आणि ग्रुंत्सिग दोघेही १९८५ मध्येच गेले, ग्रुंत्सिग तर विमान अपघातात, ४६ व्या वर्षी.

तंत्र पायाकडून हृदयाकडे गेलं. पण पाय आणि हृदय एकाच माणसाचे आहेत, हे आकड्यांनी दाखवायला आणखी वेळ लागला. क्लीव्हलंडलाच नॉर्मन हर्ट्झर आणि सहकाऱ्यांनी पाय, मानेच्या रोहिण्या किंवा पोटातली महारोहिणी यांच्या आजारासाठी आलेल्या १००० रुग्णांची हृदयाची अँजिओग्राफी केली. १९८४ मध्ये निष्कर्ष आले. हृदयाच्या रोहिण्या पूर्ण निरोगी असलेले फक्त ८ टक्के होते. यातले कित्येक जण छातीत कधी दुखलं नाही असं सांगणारे होते. त्याचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. पोटरी भरून आल्यामुळे माणूस शंभर पावलांवर थांबतो, म्हणून हृदयावर ताण येतच नाही. पाय दुरुस्त झाला, तो चालू लागला, की मग छाती बोलते. उलटही घडतं: छातीत दुखतं म्हणून घरात बसलेल्याला पोटरीचं दुखणं कळत नाही. एक आजार दुसऱ्याला झाकून ठेवतो.

१९९२ मध्ये मायकेल क्रिकी यांच्या गटाने कॅलिफोर्नियातल्या ५६५ स्त्री-पुरुषांचा दहा वर्षांचा पाठपुरावा मांडला. पायाच्या मोठ्या रोहिण्यांचा आजार असलेल्यांना हृदय व रक्तवाहिन्यांच्या रोगाने मृत्यू येण्याचा धोका इतरांच्या सुमारे सहापट होता. पायाचा रुग्ण पायाने क्वचित मरतो. पायाच्या रोहिण्या लांब असतात, आजूबाजूच्या बारीक वाहिन्या हळूहळू रुंदावून मदतीला येतात. हृदयाची रोहिणी तीन-चार मिलिमीटरची. तिथला चरबीचा थर फाटून गुठळी झाली की मिनिटांचा प्रश्न असतो.

दोन्हींचं मूळ एक असलं तरी दोन्ही जागी आजार सारखा पसरत नाही. तंबाखूचा मार हृदयापेक्षा पायावर अधिक बसतो. मधुमेह गुडघ्याखालच्या रोहिण्या धरतो, शिवाय नसा बधिर करून दुखणंच पुसून टाकतो. जखम दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. चेन्नईत २००० च्या सुमारास झालेल्या एका नागरी पाहणीत पायाच्या रोहिण्यांचा आजार ३.२ टक्के लोकांत आढळला, तर हृदयाच्या रोहिण्यांचा ११ टक्क्यांत. आपल्याकडे हृदय अधिक पकडलं जातं, हे त्यातून दिसतं. पण त्यावरून पायाकडे पाहायचं सोडणं धोक्याचं आहे. आणि विडी ओढणाऱ्या तरुणांची बोटं काळी पाडणारा, लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये वर्णन केलेला आजार या हिशोबात धरू नये. तो रोहिण्यांच्या दाहाचा आहे, हृदय बहुधा वाचतं, आणि विडी-तंबाखू पूर्ण सोडणं हाच त्याचा खरा उपाय.

तपासणी मात्र साधी आहे आणि जुनीही. लंडनमध्ये १९६९ मध्येच डॉप्लर यंत्राने घोट्याचा रक्तदाब मोजून तो दंडाच्या दाबाशी ताडून पाहण्याची रीत पक्की झाली. गुणोत्तर ०.९ किंवा त्याखाली आलं तर रोहिणी अरुंद झालेली समजायची. दहा-पंधरा मिनिटांचं काम. हृदयाच्या किती रुग्णांचे मोजे तपासणीच्या वेळी उतरवले जातात, हे प्रत्येकाने आपल्या अनुभवाने ठरवावं. पोटरी दुखते म्हटल्यावर वय झालं, संधिवात असेल, हे उत्तर मी फार घरांत ऐकलं आहे, आणि त्याचा मला राग येतो.

औषधांच्या चाचण्यांनीही उशिराच या दोघांना एकत्र घेतलं. १९९६ च्या कॅप्री चाचणीत पक्षाघात, हार्ट अटॅक किंवा पायाचा आजार असलेले १९,१८५ रुग्ण एकत्र होते. ॲस्पिरिनपेक्षा क्लोपिडोग्रेल या गुठळी रोखणाऱ्या औषधाचा फायदा पायाच्या गटात सर्वांत ठळक दिसला. २०१७ च्या कंपास चाचणीत ॲस्पिरिनला रिव्हारॉक्सबान या तशाच दुसऱ्या औषधाच्या छोट्या मात्रेची जोड दिली, तेव्हा हार्ट अटॅक, पक्षाघात आणि पाय गमावणं, तिन्ही घटले; रक्तस्राव मात्र वाढला.

आणि चालणं. दुखेपर्यंत चालून थांबायचं आणि पुन्हा चालायचं, याने पायाच्या रुग्णाचं चालण्याचं अंतर वाढतं, हे लार्सन आणि लासन या संशोधकांनी १९६६ मध्येच दाखवलं होतं. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याने हृदयरुग्णांच्या व्यायामाचा खर्च १९८२ पासून उचलला. पायाच्या रुग्णांसाठी, बारा आठवड्यांत ३६ सत्रं, ही सोय २०१७ मध्ये आली.